भयकादंबरीवर मत देताना गावही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कोकणातल्या एका गावात घडणाऱ्या भयकादंबरीवर वाचकांची मतं छापून येत आहेत. मतं भरपूर आहेत, पण सूर चारच: 'रात्री झोप लागली नाही', 'भीती वाटलीच नाही', 'पहिली शंभर पानं रटाळ', 'शेवट गुंडाळला'. शिवाय दर आठवड्याला कुणीतरी '(भयकथाकार नारायण) धारपांची सर नाही' असं लिहून मोकळं होतं. पुस्तक घ्यावं की घेऊ नये, हे यावरून ठरत नाही. भीती वाटली की नाही हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. ती कुठल्या पानावर उडाली आणि कशामुळे, एवढं मात्र नेमकं सांगता येतं. गावातल्या भयकादंबरीत ती बहुधा भुतामुळे उडत नाही. भूत आहे हे वाचकानं पुस्तक उघडतानाच कबूल केलेलं असतं. विहीर, मसणवटा, देवळाचे मान, जमीन, तिथी यांच्याबद्दल त्यानं काहीही कबूल केलेलं नसतं. तिथे लेखक घसरला की पुढचं भूतही खोटं वाटायला लागतं.

साधं चंद्राचं घ्या. अमावस्येची रात्र म्हणून प्रकरण सुरू होतं आणि दीड पानावर पिंपळाची सावली अंगणात पडते. ती कशी पडणार? शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमाराला उगवतो, पौर्णिमेचा मध्यरात्री डोक्यावर असतो, आणि चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतो. एवढं कोण बघतं, असं लेखक म्हणू शकेल. गावातला वाचक बघतो. संकष्टीचा उपास चंद्र दिसल्यावर सोडणाऱ्या घरात वद्य चतुर्थीला चंद्र किती वाजता येतो हे पोरांनाही ठाऊक असतं. सर्वपित्री अमावस्या हा तर भयकादंबरीकारांचा लाडका दिवस. पण ती भाद्रपदात येते, तेव्हा कोकणात भात शेतात उभं असतं, जमीन ओली असते, गवत कमरेला लागतं. त्या रात्री 'वाळल्या पाचोळ्यावर पावलं वाजली' असं लिहिलं की संपलं. पाचोळा वाजायला माघ-फाल्गुन उजाडावा लागतो.

तसंच आवाजाचं. आषाढातल्या रात्री 'जीवघेणी शांतता' आपोआप नसते. कौलांवर पाऊस असतो, पागोळ्या असतात, शेतात बेडूक आणि झाडांवर रातकिडे कान किटवतात. म्हणून त्या दिवसांत शांतता लिहायची तर तिला कारण द्यावं लागतं. ते कारण हाताशीच आहे: डबक्याजवळ कुणी आलं की तिथले बेडूक ओरडायचे थांबतात. शेताच्या एका टोकाकडून घराच्या दिशेने बेडूक क्रमाने गप्प होत आले, एवढं लिहिलं तरी पुरे. दिसण्यासारखं काही आणायची गरजच राहत नाही. वाचकांनी आपल्या मतात अशा जागा सांगाव्यात. 'वातावरणनिर्मिती छान' यातून काय कळणार?

मग प्रेताची विल्हेवाट. गावातल्या भयकादंबरीत निदान एक जुनं पाप असतंच आणि ते निम्म्या वेळा विहिरीत टाकलेलं असतं. पाण्यात टाकलेलं प्रेत आधी बुडतं आणि उबदार पाण्यात दोन-तीन दिवसांत फुगून वर येतं. वजन बांधलं नसेल तर तिसऱ्या दिवशी पाण्याला आलेली पहिली बाईच ते बघेल. वजन बांधलं असेल तरी वैशाखात पाणी तळाला जातं, आणि वापरातली विहीर उन्हाळ्यात अधूनमधून उपसून गाळ काढावा लागतो. म्हणजे 'चाळीस वर्षं सगळं गाव त्याच विहिरीचं पाणी पीत होतं आणि तळाशी सांगाडा होता' हा धक्का टिकत नाही. विहीर पडीक हवी, बुजवलेली हवी, किंवा गाळ काढणाऱ्यांना ठाऊक असूनही त्यांनी तोंड बंद ठेवलेलं हवं. यातला तिसरा पर्याय सगळ्यांत भयंकर आहे आणि तो सहसा कुणी वापरत नाही.

'सगळं गाव त्याच विहिरीचं पाणी पीत होतं' हेही तपासून घ्यावं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, आणि महाड कोकणातलंच. त्या काळात घडणाऱ्या कादंबरीत सगळ्या वाड्या एकाच विहिरीवर बिनबोभाट पाणी भरताना दाखवल्या असतील, तर ते गाव लेखकानं पाहिलेलंही नाही आणि वाचलेलंही नाही. दोन विहिरी दाखवल्या, तर कुठल्या विहिरीत काय पडलं आणि कुणी तिकडे कधीच डोकावून पाहिलं नाही, हे कथानक आपोआप उभं राहतं.

पाप जाळलेलं असेल तर आणखी पंचाईत. उघड्यावरच्या चितेला मोठ्या माणसासाठी ३०० ते ४०० किलो तरी लाकूड लागतं आणि प्रेत जळायला काही तास जातात. श्रावणात, भर पावसात, दोन माणसांनी रात्रीतून गुपचूप कुणाला जाळलं आणि पहाटे राखही उरली नाही, हे एका परिच्छेदात उरकणारी कादंबरी वाचकाला गृहीत धरते. तेवढं सुकं लाकूड कुणाच्या खोपीतून आलं? धूर कुठे गेला? कथा अलीकडची असेल तर पोलीस पाटील काय करत होता? १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यापासून संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्यावर देणं हे त्याचं काम आहे. त्यानं ती दिली नाही, तर का दिली नाही हे प्रकरण हवं. ते नसेल तर 'शेवट गुंडाळला' म्हणणाऱ्या वाचकांची शंका बरोबर आहे, फक्त गुंडाळायला सुरुवात शेवटी नाही, मधेच झालेली असते.

जमिनीबद्दल वाचक सहसा लिहितच नाहीत, त्यामुळे इथे जरा थांबतो. खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाडा, चौक, बंद खोली, अंगणात हात जोडून उभी असलेली कुळं, हे चित्र वाचकांना आवडतं. पण खोती १९४९ च्या कायद्यानं रद्द झाली, आणि कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी दिली. कादंबरी १९८५ मध्ये घडते आणि तरीही अख्खं गाव वाड्यापुढे वाकून उभं आहे, तर ते कशासाठी? कर्जासाठी, की देवळातल्या मानासाठी? की कुळांची नावं सातबारावर लागूच दिली नाहीत म्हणून? लेखकाला उत्तर ठाऊक असलं पाहिजे. ज्याला ठाऊक असतं त्याच्या हाती आयतं भय लागतं. समंध म्हणजे जमीनजुमल्यात जीव अडकलेला मृत. तो ज्या जमिनीसाठी अडकला ती १९५७ नंतर दुसऱ्याच्या नावावर गेली. आता तो कुणाला धरणार, जुन्या मालकाच्या नातवाला की ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला? या प्रश्नावर तीनशे पानं चालतील. पण बहुतेक वेळा समंध जिन्यावर पावलं वाजवण्यापलीकडे काही करत नाही.

भुतांच्या जातकुळीबद्दल वाचक अधिक जागरूक आहेत, पण त्यांची तक्रार 'भूत नेहमीचंच आहे' इतकीच असते. नेहमीचं असायला हरकत नाही. त्याचे नियम नीट हवेत. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी मुलगा मेला तर मुंजा, तो पिंपळाशी बांधलेला. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. बुडून मेलेला गिऱ्हा, त्याची हुकमत पाण्यावर. चकवा कुणाला धरत नाही, तो वाट चुकवतो आणि उजाडेपर्यंत त्याच त्या जागी फिरवून आणतो. एकाच कादंबरीत हडळ पिंपळावर बसते, पाण्यात ओढते आणि वाटही चुकवते, तेव्हा लेखकानं नावं यादीतून उचललेली असतात. वाचकानं तीन गोष्टी तपासाव्यात: भुताची हद्द कुठवर, त्याला हवंय काय, आणि त्याच्याशी बोलायचा अधिकार गावात कुणाला. या तिन्ही गोष्टी पुस्तकाचा पहिला तृतीयांश संपेपर्यंत कळल्या आणि शेवटपर्यंत बदलल्या नाहीत, तर बाकी कितीही उणं असलं तरी कादंबरी उभी राहते. दोनशेव्या पानावर भुतानं अचानक हद्द ओलांडली आणि त्याला कारण नसलं, तर पुढे कुणाचंही काहीही होऊ शकतं. आणि काहीही होऊ शकतं म्हटल्यावर भीती उरत नाही.

मुंजाचीही जात ठरलेली आहे, हे जाता जाता लक्षात घ्यावं. मुंज कुणाची होत होती? ब्रह्मराक्षसाचं, म्हणजे मेलेल्या ब्राह्मणाच्या भुताचंही तेच. भुतांची उतरंड गावाच्या उतरंडीवरच रचलेली आहे. त्यामुळे ज्या कादंबरीत गावाला वाड्या नाहीत, आडनावं नाहीत, कोण कुणाच्या ओटीवर चढतो याचा पत्ता नाही, पण मुंजा मात्र आहे, तिथे मुंजा परका वाटतो.

दक्षिण कोकणात आणखी एक घोळ होतो. राखणदार, देवचार, वेतोबा या गाव राखणाऱ्या दैवतांना सरसकट भूत करून टाकतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. अशा दैवताला रक्तपिपासू करून सोडलं की तिकडचा वाचक चिडतो, आणि मग त्याचं मत 'आमच्या देवाची बदनामी' या वळणावर जातं. खरा दोष वेगळा आहे. राखणदाराची भीती तो वाईट असल्याची नसते. तो नेमका असतो, ठरलेलं देणं चुकलं की त्याला कळतं, ही ती भीती. पिढ्यानपिढ्या चाललेलं देणं मुंबईला गेलेल्या भावकीनं थांबवलं, या एका गोष्टीत जितकं भय आहे तितकं लाल डोळ्यांत नाही.

देवळातल्या प्रसंगांवर तर वाचकांनी बारकाईनं लिहायलाच हवं. कौल म्हणजे गाभाऱ्यातून घुमणारा आवाज नव्हे. गुरव मूर्तीवर किंवा पाषाणावर ठरलेल्या जागी ओले तांदूळ, कळ्या किंवा पाकळ्या लावतो, मानकरी प्रश्न घालतात आणि सगळे वाट बघतात. साधारणपणे उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. लावायच्या जागा आणि रीत देवळागणिक बदलतात. यातले दोन धागे कादंबरीकारानं सोडू नयेत. एक, वाट बघण्याचा वेळ: पाकळी पडतच नाही, देवळात चाळीस माणसं आहेत आणि कुणी खोकतही नाही. दुसरा, प्रश्न असा घालावा लागतो की उत्तर हो किंवा नाही यातच येईल. प्रश्न कोण घालतो आणि काय वगळून घालतो, यावर गावाचं राजकारण उघडं पडतं. 'मुलाला बाधा आहे का' असं विचारलं आणि 'ती कुणामुळे' हे विचारलंच नाही, तर देवानं खरं सांगूनही खोटं घडतं. गाऱ्हाण्याचंही तसंच. एकानं गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी दर ओळीला 'व्हय महाराजा' म्हणायचं, या लयीत एका जागी 'व्हय' आलाच नाही, तर पान उलटायला हात धजणार नाही.

गावपळण, म्हणजे अख्ख्या गावानं काही दिवस वेशीबाहेर जाऊन राहायची प्रथा, हा विषय अलीकडे फार वापरला जातो. मालवण तालुक्यातली आचरे, चिंदर, वायंगणी आणि वैभववाडीतलं शिराळे ही त्यासाठी ओळखली जाणारी गावं. आचऱ्यात काही वर्षांच्या अंतरानं रामेश्वराचा कौल घेऊन ती ठरते, आणि तीन दिवस तीन रात्री गाव रिकामं राहतं. माणसांबरोबर गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरंही वेशीबाहेर नेतात, तिथे झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात. कादंबऱ्यांत याचं चित्र हमखास चुकतं: रात्री आरडाओरडा, पळापळ, मागे राहिलेली म्हातारी. प्रत्यक्षात हे आधी ठरलेलं, नीट बांधाबांध करून केलेलं स्थलांतर असतं, आणि वेशीबाहेरच्या झोपड्यांत भजनं, गप्पा, पोरांचे खेळ चालतात. त्या आनंदालाच भय चिकटवता येतं. तिसऱ्या दिवशी सगळे हसतखेळत आहेत आणि परतायचा कौल होत नाही, इथून गोष्ट सुरू करावी. मागे राहिलेली म्हातारी आता पुरे.

बोलीबद्दल दोनच ओळी. मालवणी माणूस 'काय बी' म्हणत नाही, आणि कोल्हापूरकडचा 'माका-तुका' करत नाही. एका घरातली माणसं दोन बोली बोलत असतील, तर सून कुठून आली तेवढं तरी लेखकानं सांगावं.

आता 'अंधश्रद्धा पसरवते' या आक्षेपाकडे वळतो. भुताची गोष्ट लिहिणं आणि अघोरी कृत्य करणं यात फरक आहे. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा कृत्यांसाठी आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, करणी केली म्हणून कुणाला छळणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. कादंबरी म्हणून कादंबरी यात बसत नाही. पण हाच कायदा वाचकाला तपासणीचं एक साधन देतो. कथा २०१३ नंतर घडते, भगत चावडीसमोर एका विधवेला चाबकानं फोडतो, शंभर माणसं बघतात आणि कुणाच्या मनात पोलिसाचा विचारही येत नाही, तर लेखकानं सन फक्त मोबाइल दाखवण्यापुरतं घेतलं आहे. गर्दीतल्या निम्म्यांना कायदा माहीत आहे, दोघा-तिघांनी मोबाइल बाहेर काढून पुन्हा खिशात ठेवला, असं लिहिलं तर प्रसंग दसपट वाईट होतो. आणि एक मोजणी वाचकांनी करावीच: पुस्तकात मार कोण खातं? चेटकीण ठरते ती विधवा, निपुत्रिक किंवा गावकुसाबाहेरची असेल, आणि शेवटी ती खरोखरच चेटकीण निघत असेल, तर ते मतात स्पष्ट लिहावं. मला विचाराल तर अंधश्रद्धेचा खरा आक्षेप अशा पुस्तकांवर घ्यायला हवा. पिंपळावरचा मुंजा निरुपद्रवी आहे.

धारप (१९२५–२००८) आणि गूढकथाकार रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्याशी तुलना करणाऱ्यांनी कशाची तुलना करतो हे सांगावं. धारपांच्या समर्थ कथांत अमानवी शक्तीला पुरून उरणारा एक जाणकार असतो. वाचक त्याच्या भरवशावर घाबरतो. मतकरींच्या कित्येक गूढकथा शहरातल्या चार भिंतींत घडतात. आजच्या गावाकडच्या कादंबरीत बहुधा तारणारा कुणी नसतो आणि संकट एका घरापुरतं नसतं. 'सर नाही' म्हणजे भाषेला सर नाही, रचनेला नाही, की तारणारा नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं?

'संथ' या शेऱ्याबद्दलही असंच. गाव बिघडलेलं कळायला ते आधी धड असताना माहीत व्हावं लागतं: कोण पहाटे कुठे जातं, कुठल्या घराचं दार कधी लागतं, पाणंद रात्री कोण टाळतं. त्यासाठी साठ-सत्तर पानं गेली तर तक्रार नको. मात्र त्या पानांतला तपशील पुढे कामाला आला का, हे बघावं. पानंच्या पानं फणस, समुद्र आणि सोलकढी चालू असेल तर ती पर्यटनाची जाहिरात. उलट खरा वेळकाढूपणा शेवटाकडे असतो. एक म्हातारा ओटीवर बसतो आणि साठ वर्षांचा सगळा इतिहास सलग बारा पानं सांगतो. त्याला ठाऊक होतं तर तीन माणसं मरेपर्यंत तो गप्प का होता, हे नायक विचारत नाही. वाचकांनी विचारावं.

पुस्तक न वाचता ऑडिओबुक ऐकून मत देणाऱ्यांनी तसं नमूद करावं. वेग सव्वापट करून ऐकलं तर लेखकानं ठेवलेली आणि वाचणाऱ्यानं पाळलेली शांतता दोन्ही जातात, आणि निवेदकाचा दोष पुस्तकाच्या माथी बसतो.

आपल्याला विनंती अशी की, पुढच्या मतांसाठी वाचकांकडून थोडं अधिक मागावं. कुठली आवृत्ती, वाचली की ऐकली, भीती कुठल्या प्रकरणात चढली आणि कुठे उतरली, आणि त्याचं एक कारण. प्रकरणाचा क्रमांक द्यावा, रहस्य देऊ नये; गेल्या खेपेच्या एका मतात विहिरीत कोण आहे हे पहिल्याच वाक्यात छापलं गेलं, ते संपादनात सहज काढता आलं असतं. दीडशे शब्दांत हे सगळं बसतं. जागा कमी पडली तर 'रात्री झोप लागली नाही' हे वाक्य प्रत्येक पत्रातून वगळावं, बरीच जागा होईल.

आपला,
एक वाचक